‘ला इंडिया मारिया’ : हसू नेमकं कुणावर येतं?

प्रश्न नाट्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. विनोदी अभिनेत्रींवर तिला प्रबंध लिहायचा आहे. शोधता शोधता मेक्सिकोच्या मारिया एलेना वेलास्को यांचे काही प्रसंग तिला मोबाइलवर सापडले: दोन लांब वेण्यांत रंगीत रिबिनी गुंफलेली, चकचकीत रंगांचे कपडे घातलेली एक आदिवासी बाई शहरात येते आणि भल्याभल्यांची तारांबळ उडवते. या भूमिकेत आदिवासींची टिंगल आहे, असं तिने काही ठिकाणी वाचलं. दुसरीकडे, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं लोक या बाईबद्दल बोलताना दिसले. तिचं विचारणं असं की, यातलं खरं काय, आणि पाहायला सुरुवात कुठून करू?

मी पंचवीस वर्षं स्पॅनिश शिकवते. त्यातली बरीच वर्षं मेक्सिकन चित्रपटांना मराठी सबटायटल करण्यात गेली आहेत. वेलास्कोंचे चित्रपट मी एकेका वाक्याशी थांबून पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक सोय आधीच करून घेऊ. अभिनेत्रीला मी ‘त्या’ म्हणेन आणि पडद्यावरच्या मारियाला ‘ती’. या दोघींची सरमिसळ झाली की या विषयावरचं निम्मं लिखाण फसतं.

‘इंडिया’ या शब्दाचा आपल्या देशाशी संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ‘इंडिया’ म्हणजे आदिवासी स्त्री. कोलंबसाच्या चुकीतून आलेला हा शब्द मेक्सिकोत आजही शिवीसारखा वापरला जातो. ‘मारिया’चीही गोष्ट साधी नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत मेक्सिको राज्यातल्या आणि मिचोआकानमधल्या मासावा या आदिवासी समाजातल्या स्त्रिया मोठ्या संख्येने राजधानीत आल्या. शेती पुरत नव्हती, म्हणून फुटपाथवर संत्री, शेंगदाणे, च्युइंगम विकून त्या पोट भरत. शहरातल्या लोकांनी त्यांची नावं विचारायची तसदी घेतली नाही. सगळ्यांना सरसकट ‘लास मारियास’ म्हटलं. लुर्देस आरिस्पे या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरच्या दशकात या स्त्रियांचाच अभ्यास केला. म्हणजे ‘ला इंडिया मारिया’ हे नाव ऐकताच मेक्सिकोतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर चौकातली एक ठरावीक बाई उभी राही, गाडीची काच वर करून जिच्याकडे पाहायचं टाळलं जाई ती. तिला उचलून पडद्याच्या मधोमध ठेवलं, इथून सगळं सुरू होतं.

वेलास्को स्वतः आदिवासी नव्हत्या. मारिया एलेना वेलास्को फ्रागोसो यांचा जन्म १७ डिसेंबर १९४० रोजी पुएब्ला शहरात झाला. वडील रेल्वेत मेकॅनिक होते. ते गेल्यावर कुटुंब राजधानीत आलं आणि या मुलीने नाचून कमवायला सुरुवात केली. आधी तेआत्रो तिव्होली, मग तेआत्रो ब्लांकिता. तिव्होली हे कॅबरेच्या वळणाचं, बदनाम थिएटर. ब्लांकिता १९६० मध्ये सुरू झालं, आणि त्याचं मूळ ‘कार्पा’त होतं. कार्पा म्हणजे तंबूतला खेळ. गाणं, नाच, मध्येच दोन विनोदवीरांची जुगलबंदी, समोरून ओरडणारा प्रेक्षक आणि त्याला तिथल्या तिथे उत्तर देणारा नट. आपल्याकडच्या वगाची, त्यातल्या सोंगाड्याची ज्यांना सवय आहे त्यांना कार्पा समजायला वेळ लागणार नाही. मेक्सिकोचे गाजलेले विनोदवीर कांतिन्फ्लास याच परंपरेतून वर आले.

वेलास्को मात्र कार्पातून विनोदवीर म्हणून आल्या नाहीत. त्या आधी मागच्या रांगेत नाचत, मग विनोदवीरांच्या समोर उभं राहून त्यांच्या वाक्यांना टेकू देणाऱ्या झाल्या. नाटकाच्या विद्यार्थिनीने ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. टेकू देणाऱ्याला दुसऱ्याचं हसं कधी पिकणार हे अचूक कळावं लागतं. एक क्षण आधी हललं तरी विनोद मरतो. पुढे मारियाच्या चेहऱ्यावर जो ठप्प, निर्विकार थांबा दिसतो तो तिथे घडला, असं माझं मत आहे. समोरचा साहेब बोलत सुटतो, ती नुसती बघत राहते, आणि साहेबाचं बोलणं आपोआप बाष्कळ वाटायला लागतं. त्यात शब्द एकही नसतो. नाचाचं शिक्षण तर सरळच दिसतं. ती छोट्या छोट्या झपाझप पावलांनी चालते, पडते, उठते, पळते, तेव्हा घसरगुंडीचाही ताल मोजलेला असतो.

ब्लांकिताच्याच काळात त्यांनी हुलियान दे मेरिचे यांच्याशी लग्न केलं. मेरिचे रशियात जन्मलेले नट आणि नृत्यदिग्दर्शक, खरं आडनाव लिपकिएस. हे आडनाव पुढे पुन्हा येईल. साठच्या दशकात त्या चित्रपटांत किरकोळ कामं करत होत्या. दशक संपता संपता आदिवासी बाईची भूमिका वाट्याला आली, रंगमंचावर आणि टीव्हीवर ती घोटली गेली. राउल वेलास्को (आडनाव एकच, नातं नाही) यांचा ‘सिएम्प्रे एन दोमिंगो’ हा रविवारचा कार्यक्रम तेव्हा देशभर पाहिला जाई. त्यातून मारिया घराघरांत पोचली.

मग १९७२ मध्ये ‘तोंता, तोंता, पेरो नो तांतो’. दिग्दर्शक फर्नांदो कोर्तेस, मूळचे पोर्तो रिकोचे. शीर्षकाचा अर्थ ‘वेडी, वेडी, पण तितकीही नाही’. पुढच्या पंधरा वर्षांचा सगळा कार्यक्रम या पाच शब्दांत आहे. सान होसे दे लोस बुर्रोस नावाच्या खेड्यातली मारिया निकोलासा क्रूस राजधानीत येते आणि घरकामाला लागते. गावाच्या नावातले ‘बुर्रोस’ म्हणजे गाढवं. शहर तिला फसवायला बघतं आणि शेवटी शहराचंच बिंग फुटतं. शीर्षकांची ही खोड पुढेही राहिली. ‘एल मिएदो नो आंदा एन बुर्रो’, म्हणजे भीती काही गाढवावर बसून येत नाही; ‘एल के नो कोर्रे... वुएला’, म्हणजे जो धावत नाही तो उडतो. ही सगळी बाजारातली, स्वयंपाकघरातली बोलणी आहेत. तिकीट काढणाऱ्याला शीर्षकातच कळे की हा सिनेमा आपल्या भाषेतला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. टिंगल आहे का?

मी एक पद्धत सुचवते, विद्यार्थ्यांनाही हीच देते. प्रसंग थांबवा आणि विचारा: या क्षणी मूर्ख कोण ठरलं? मारिया लिफ्टला घाबरते, टेलिफोन उलटा धरते, अशा प्रकारच्या विनोदात हसू तिच्या अडाणीपणावर येतं. असे विनोद तिच्या चित्रपटांत आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांची सफाई देण्यात अर्थ नाही. पण पोलीस, कारकून, मालकीण, पाद्री, पुढारी समोर आले की दिशा फिरते. साहेब तिला ‘तू’ म्हणतो, ती त्याला ‘उस्तेद’ म्हणते, म्हणजे ‘आपण’. साहेब नियम सांगतो आणि ती तो नियम शब्दशः पाळते. हाच तिचा आवडता डाव. कायदा शब्दशः पाळला की कायदा करणाऱ्याचा खोटेपणा उघडा पडतो. तिला मोठ्याने बोलावंही लागत नाही.

‘ला प्रेसिदेंता मुनिसिपाल’ हा १९७५चा चित्रपट या पद्धतीने पाहण्यासारखा आहे. नावाच्या घोळामुळे मारिया गावची नगराध्यक्ष होते. मेक्सिकोत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताचा हक्क १९५३ मध्ये मिळाला होता, आणि एकाच पक्षाची सत्ता दशकानुदशकं चालू होती. उमेदवार वर ठरायचा, लोकांनी शिक्का मारायचा. अशा देशात चुकून निवडून आलेली आदिवासी बाई खरोखरच कारभार करायला बसते, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते. त्याच १९७५ साली जून-जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांची पहिली जागतिक महिला परिषद मेक्सिको सिटीत भरली. परिषदेतली भाषणं ग्रंथालयांत आहेत. गल्लीतल्या थिएटरात बसलेल्या मोलकरणीला मात्र बाईच्या हातातली सत्ता कशी दिसते हे मारियाने दाखवलं. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहिते आहे, प्रबंधात जरूर घ्या.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझं काम तेच. मारिया ‘मोडकं’ स्पॅनिश बोलते असं सगळे लिहितात. त्यात खरंच दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, ज्याची मातृभाषा स्पॅनिश नाही अशा माणसाच्या चुका: लिंग चुकणं, क्रियापदाचं रूप चुकणं. दुसरी, खेड्यातली जुनी रूपं. मेक्सिकोच्या ग्रामीण बोलीत ‘असी’ऐवजी ‘आन्सिना’, ‘आया’ऐवजी ‘आयगा’ अशी रूपं ऐकू येतात. ही चूक नाही. सोळाव्या शतकात स्पेनहून आलेली भाषा खेड्यांनी जपली आणि शहरांनी टाकली. शहरी कानाला दोन्ही सारखंच अडाणी वाटतं. मी पहिल्यांदा सबटायटल केलं तेव्हा सरळ आपल्याकडची एक ग्रामीण बोली वापरली. खेळाला प्रेक्षक हसले, पण भलत्याच जागी हसले: साहेब उघडा पडतो तिथे नाही, तर मारियाने तोंड उघडलं की. खेळ संपल्यावर एक बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या घरी असंच बोलतात.’ एवढंच बोलून त्या गेल्या. त्यानंतर मी सगळं पुन्हा केलं. मारियाला साधं, आखूड वाक्यांचं मराठी दिलं आणि साहेबांना जड, सरकारी, शब्दबंबाळ मराठी. पुढच्या खेळाला हसू जागेवर आलं. या कामातून मला जे कळलं ते कुठल्याही समीक्षेतून कळलं नव्हतं. तिचा विनोद बोलीच्या चुकीवर उभा नाही, तो दोन भाषांच्या अंतरावर उभा आहे. बोलीवर हसणारा प्रेक्षक मात्र तिथे हजर असतोच, आणि वेलास्कोंनी त्यालाही तिकीट विकलं. दोन्ही लिहा.

आक्षेपाची दुसरी बाजू मला जास्त वजनदार वाटते. मारियाचे कपडे मासावा स्त्रियांच्या पेहरावावर बेतलेले, पण ती कुठल्या समाजाची, तिची भाषा कोणती, याला चित्रपटांत फारसं महत्त्व नाही. मेक्सिकोत आदिवासी भाषा साठहून अधिक आहेत. त्या सगळ्यांची मिळून एकच ‘मारिया’ झाली. शिवाय हे काम करणारी बाई मेस्तिसा, म्हणजे मिश्र वंशाची, शहरातून आलेली. आदिवासी अभिनेत्रीला मध्यवर्ती भूमिका त्या काळच्या निर्मात्यांनी दिली नसती, आणि मारिया इतकी चालल्यामुळे तशी गरजही कुणाला वाटली नाही. ओआहाका राज्यातल्या आदिवासी अभिनेत्री यालित्सा आपारिसिओ यांना २०१९ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा मेक्सिकोतच त्यांच्या रंगरूपावरून जे घाणेरडं बोललं गेलं त्यात ‘इंडिया’ हा शब्द होता. त्या वेळी मारियाची चर्चा पुन्हा उसळली. वेलास्कोंनी हा वर्णद्वेष निर्माण केला नाही. पण पडद्यावर आदिवासी बाई म्हणजे विनोद, ही सवय पक्की व्हायला त्यांच्या यशाने हातभार लावला, हे मला नाकारता येत नाही.

जी गोष्ट जवळजवळ कुणीच विचारत नाही ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: वेलास्को दिग्दर्शिका होत्या. पती १९७४ मध्ये वारले, कोर्तेस १९७९ मध्ये. मध्ये दोन चित्रपट हिल्बेर्तो मार्तिनेस सोलारेस यांच्याबरोबर झाले. तिन तान या विनोदी नटाच्या गाजलेल्या चित्रपटांचे हे जुनेजाणते दिग्दर्शक. त्यानंतर वेलास्कोंनी सूत्रं स्वतःकडे घेतली. ‘एल कोयोते एम्प्लुमादो’ (१९८३) आल्फ्रेदो क्रेवेन्ना यांच्यासह, मग ‘नी चाना, नी हुआना’ (१९८४), ‘नी दे आकी, नी दे आया’ (१९८८) आणि ‘से एकिवोको ला सिग्वेन्या’ (१९९३). त्या काळी मेक्सिकोच्या व्यावसायिक चित्रपटसृष्टीत दिग्दर्शन करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. स्त्री-दिग्दर्शकांच्या याद्या मी पाहते तेव्हा वेलास्कोंचं नाव कित्येकदा नसतंच. विनोदी, स्वस्तातला, गल्लीतला सिनेमा म्हणून तो मोजायचा नाही, असा हा हिशेब. मला तो अन्यायाचा वाटतो. नटी, लेखिका, दिग्दर्शिका अशी सगळी कामं करून ज्या बाईने सलग गर्दी खेचली तिचं दिग्दर्शन अभ्यासाबाहेर कसं ठेवता येईल?

त्या दशकाचं चित्रही समोर ठेवा. सत्तरच्या मध्यापासून मेक्सिकोत ‘फिचेरास’ची लाट होती: कॅबरेतल्या मुली, द्व्यर्थी बोलणं, उघडे देह. स्वस्तात चित्रपट काढायचा तर हाच रस्ता होता. वेलास्को स्वतः कॅबरेच्या थिएटरातून आलेल्या, त्यांना हे जग आतून माहीत होतं. तरी मारियाचे चित्रपट आजी-नातवंडांनी एकत्र बघावेत असेच राहिले.

‘नी दे आकी, नी दे आया’ म्हणजे ‘ना इथली, ना तिथली’. मारिया कामासाठी लॉस एंजेलिसला जाते, तिथे एका खुनाची साक्षीदार होते आणि पळत सुटते. पळता पळता एकामागून एक कामं. अमेरिकेने १९८६ मध्ये नवा स्थलांतर कायदा केला होता. त्याखाली सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांना नोकरी देणं मालकांसाठी बेकायदेशीर ठरलं. अमेरिकेतल्या स्पॅनिश थिएटरांत बसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट कसा भिडला असेल, याची कल्पना करा. ज्यांना तिथे गावंढळ म्हणतात आणि गावी परतल्यावर परके म्हणतात, त्यांची गोष्ट त्यांच्यातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईने सांगितली. लोक घरच्या माणसासारखं तिच्याबद्दल का बोलतात, याचं उत्तर मला इथे मिळतं. एक सल्ला: हा चित्रपट एकट्याने पाहू नका. हा गर्दीत पाहायचा सिनेमा आहे.

१९९३ नंतर मोठ्या पडद्यावर मारिया बरीच वर्षं दिसत नाही. वय झालं, लोकांना कंटाळा आला, असं सहज लिहिलं जातं. मला कारण थिएटरांत दिसतं. पूर्वी तिकिटाचा दर सरकार बांधून देत असे आणि ‘कोत्सा’ या सरकारी कंपनीची थिएटरं देशभर होती. १९९२च्या चित्रपट कायद्यानंतर दराचं नियंत्रण गेलं, १९९३ मध्ये कोत्सा विकली गेली. वस्त्यांमधली मोठी, जुनी थिएटरं बंद पडली आणि मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आले. मारियाचा प्रेक्षक होता तिथेच राहिला, पण त्याच्या खिशातल्या पैशांत बसण्यासारखी खुर्ची उरली नाही. ती टीव्हीवर होती. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा ‘लास देलिसियास देल पोदेर’ आला, मुलगा इव्हान लिपकिएस यांच्या दिग्दर्शनात. पुढच्याच वर्षी सात दशकं सत्तेत असलेला पक्ष खरोखरच हरला.

‘उआपांगो’ (२००४) हे नाव नक्की टिपून ठेवा. शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ वास्तेका प्रदेशातल्या लोकनृत्याच्या जगात नेऊन बसवलेला. दिग्दर्शन इव्हान यांचं. पटकथा वेलास्को, मुलगी इव्हेत आणि इव्हान अशा तिघांची, आणि त्या पटकथेला मेक्सिकोचा मानाचा आरिएल पुरस्कार मिळाला. विनोद नाही, वेण्या नाहीत, मारिया नाही. तीसहून अधिक वर्षं ज्यांना ‘ती इंडिया मारिया’ एवढंच म्हटलं गेलं, त्यांचं लेखन इथे उघड दिसतं.

शेवटचा चित्रपट ‘ला इहा दे मोक्तेसुमा’ २०१४चा. १ मे २०१५ रोजी मेक्सिको सिटीत पोटाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. खासगी आयुष्य त्यांनी फार जपलं. वेशाशिवाय त्या क्वचितच लोकांपुढे आल्या, त्यामुळे अनेकांनी बातमीतला फोटो पाहून पहिल्यांदा त्यांचा खरा चेहरा ओळखला असेल.

पाहायचा क्रम: आधी ‘तोंता, तोंता’, मग ‘ला प्रेसिदेंता मुनिसिपाल’, मग ‘नी दे आकी’, आणि नंतर ‘उआपांगो’. पहिला चित्रपट दोनदा पाहा. एकदा आवाज पूर्ण बंद करून. तेव्हा नर्तकी दिसेल. दुसऱ्यांदा आवाजासह, हातात वही घेऊन. प्रत्येक हशाच्या पुढे एकच नोंद करा, त्या क्षणी मूर्ख कोण ठरलं. मारिया ठरली तर एका रकान्यात, समोरचा ठरला तर दुसऱ्यात. ‘टिंगल आहे का’ या प्रकरणाची सुरुवात त्या दोन रकान्यांनी करा, आणि माझ्या मोजणीपेक्षा तुमची वेगळी आली तर मला जरूर कळवा.